‘आहे’ या शब्दातील दोन अर्थ : स्पॅनिश भाषेतील निजणे आणि असणे

स्पेनसह सुमारे २० देशांची राजभाषा असलेल्या स्पॅनिशमध्ये आपल्या ‘असणे’ या एका क्रियापदासाठी दोन क्रियापदे आहेत : ‘सेर’ आणि ‘एस्तार’. एखादी व्यक्ती मुळात कोण आहे, कशी आहे हे सांगायचे तर ‘सेर’. ती कोठे आहे, कोणत्या अवस्थेत आहे हे सांगायचे तर ‘एस्तार’. विशेषण तेच ठेवून केवळ क्रियापद बदलले, तरी अर्थ पालटतो. ‘लिस्तो’ हे विशेषण ‘सेर’बरोबर आले तर माणूस हुशार असतो, ‘एस्तार’बरोबर आले तर तो तयार असतो. ‘आबुर्रीदो’ हे ‘सेर’बरोबर कंटाळवाणा, तर ‘एस्तार’बरोबर कंटाळलेला. फळाला ‘वेर्दे’ म्हणताना ‘सेर’ वापरले तर त्याचा रंग हिरवा, ‘एस्तार’ वापरले तर ते अद्याप कच्चे.

हा भेद नीट उमगतो तो निजण्याच्या क्रियापदांतून. ‘आकोस्तार्से’ म्हणजे निजणे, अंथरुणावर आडवे होणे. त्याच्या मुळाशी ‘कोस्ता’ म्हणजे बरगडी हा लॅटिन शब्द आहे. आपले ‘कुशीवर होणे’ येथे सहज आठवते. ‘एचार’ म्हणजे टाकणे आणि ‘एचार्से’ म्हणजे स्वतःला टाकणे, अर्थात आपले ‘अंग टाकणे’. ‘तेन्देर्से’ म्हणजे पसरून पडणे, जवळजवळ ‘ताणून देणे’. यामागील लॅटिन धातू आणि संस्कृतातील ‘तन्’ एकाच मूळ धातूपासून आलेले आहेत. ‘यासेर’ हे क्रियापद मात्र गंभीर आहे. थडग्यावरील ‘येथे अमुक विसावला आहे’ या ओळीत ते असते. त्यावरूनच आलेला ‘यासिमिएन्तो’ हा शब्द खनिजांचे साठे आणि पुरातत्त्वीय स्थळ या दोहोंसाठी वापरतात. काळाच्या थराखाली जे निजून राहिले आहे, ते ‘यासिमिएन्तो’.

आता क्रिया आणि अवस्था यांतील फरक पाहू. ‘एस्ता आकोस्तान्दोसे’ म्हणजे तो निजत आहे. ‘एस्ता आकोस्तादो’ म्हणजे तो निजलेला आहे. इंग्रजीच्या वळणाने स्पॅनिश शिकणारे येथे हमखास अडखळतात, कारण बसलेल्या माणसालाही इंग्रजी ‘सिटिंग’च म्हणते. मराठी माणसाला ही अडचण येऊ नये. ‘तो बसतो आहे’ आणि ‘तो बसला आहे’ यांतील भेद आपल्याला बालपणापासून ठाऊक असतो. ‘मुले निजत आहेत’ आणि ‘मुले निजली आहेत’ या दोन वाक्यांत किती अंतर असते, हे वसतिगृहाच्या अधीक्षकांना विचारावे!

‘सेर’ कायमचे आणि ‘एस्तार’ तात्पुरते, असा सोपा नियम पुष्कळदा सांगितला जातो. तो अपुरा आहे. ‘तो मृत आहे’ यासाठी स्पॅनिश ‘एस्तार’च वापरते. मृत्यू तात्पुरता नसतो. परंतु ती एका बदलानंतर प्राप्त झालेली अवस्था आहे. म्हणजे ‘एस्तार’ कालावधी मोजत नाही. अनेकदा ते ‘काहीतरी घडले, म्हणून हे असे आहे’ याची साक्ष देते.

या क्रियापदांचा इतिहास आपल्याला दूरचा नाही, कारण लॅटिन, संस्कृत व पाली या भाषा एकाच इंडो-युरोपीय कुळातील आहेत. ‘एस्तार’ हे लॅटिन ‘स्तारे’ म्हणजे उभे राहणे यापासून आले. त्याचेच भावंड संस्कृत ‘स्था’ आणि पाली ‘तिट्ठति’. आपले ‘स्थिती’, ‘अवस्था’ आणि ‘तिष्ठत ठेवणे’ हे शब्द त्याच कुटुंबातील. ‘सेर’ची काही रूपे ‘अस्’ धातूच्या लॅटिन भावंडापासून, तर काही ‘सेदेरे’ म्हणजे बसणे यापासून आली. पालीतील ‘निसीदति’ त्याच नात्यातले. तथागतांनी सतिपट्ठान सुत्तात चालणे, उभे राहणे, बसणे आणि निजणे या चारही स्थितींत जागरूक राहण्यास शिकविले. त्यांपैकी बसणे आणि उभे राहणे यांतून स्पॅनिशचे ‘असणे’ घडले आहे.

परंतु दोन क्रियापदे असली म्हणून समाज न्यायी होतो, असे नाही. ‘कास्ट’ हा इंग्रजी शब्द ज्या ‘कास्ता’वरून आला, तो पोर्तुगीज व स्पॅनिश भाषांतलाच. पोर्तुगीजांनी तो आपल्याकडील जातींना लावला; स्पॅनिश सत्तेने अमेरिकेत मिश्र वंशाच्या लोकांची वर्गवारी त्याच शब्दाने केली. अठराव्या शतकातील मेक्सिकोत आईबापांच्या वंशावरून मुलाला कोणते नाव द्यायचे, हे दाखविणाऱ्या चित्रमालिका रंगविल्या गेल्या. जन्माने लादलेली अवस्था माणसाची ओळख ठरविण्यात आली. गरिबीसाठीदेखील स्पॅनिशमध्ये सहसा ‘सेर’च येते. व्याकरणाने दिलेली सोय माणसांनी वापरायची असते. ती आपोआप वापरली जात नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या न झालेल्या भाषणात जात ही विटामातीची भिंत नसून मनाची अवस्था आहे, अशी मांडणी केली. अवस्था आहे, म्हणूनच ती बदलता येते. आणि त्यासाठी तिला आधार देणाऱ्या धर्मशास्त्रांचे प्रामाण्य नाकारावे लागते, हेही त्यांनी स्पष्ट केले.

मराठीत आपल्यापाशी एकच ‘आहे’ आहे. ‘हा मुलगा ढ आहे’, ‘ही मुलगी मागे आहे’ ही वाक्ये शिक्षक आणि पालक सहज बोलून जातात. त्यातला ‘आहे’ स्वभाव सांगतो की अवस्था, हे वाक्यावरून कळत नाही. मूल मात्र तो स्वभाव म्हणूनच ऐकते. पहिल्या पिढीतील विद्यार्थी मागे असतो, तेव्हा त्यामागे काहीतरी घडलेले असते : पुस्तक नसलेले घर, कामाच्या शोधात सुटलेले गाव, मोडलेली वर्षे. म्हणून ‘मागे आहे’ म्हणण्याऐवजी ‘मागे राहिला आहे’ म्हणावे. एवढ्या एका शब्दाने तो मागे का राहिला, हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी आपल्यावर येते.