कॅमेऱ्यातला पडदा

रोल भरायच्या जुन्या कॅमेऱ्याचे मागचे झाकण उघडले की मधल्या आयताकृती खिडकीवर एक काळा पडदा ताणलेला दिसतो. फिल्म त्याला जवळजवळ खेटून बसते. बटण दाबल्यावर पडदा क्षणभर सरकतो, फिल्मवर प्रकाश पडतो आणि खिडकी पुन्हा बंद होते. जुने कॅमेरे जमवणारे बहुतेक जण आधी नाव बघतात, मग लेन्स, मग वरच्या निकेलची झळाळी. पडद्याकडे लक्ष जाते ते शेवटी, आणि पस्तावण्याची वेळ येते तीही बहुधा त्याच्याचमुळे.

प्रत्येक कॅमेऱ्यात असा पडदा असतोच असे नाही. रोलाय्‌फ्लेक्सच्या लेन्समध्ये बारीक पाकळ्यांचे शटर असते. या पाकळ्या मधून उघडतात आणि परत मिटतात. भारतात एके काळी घरोघरी दिसणाऱ्या आग्फा क्लिक-३ मध्ये तर स्प्रिंगवर फिरणारी एक साधी चकती काम भागवते. पण लेन्स बदलता यावी म्हणून शटर लेन्समधून काढून फिल्मपाशी नेले, तिथे पडदा आला. लायका, कॉन्टॅक्स, कॅनन, निकॉन, पेंटॅक्स, झेनिट ही सगळी पडदेवाली मंडळी.

पडदा एक दिसत असला तरी असतात दोन. पहिला खिडकी उघडत जातो, दुसरा त्याच्या मागोमाग ती झाकत येतो. वेग कमी असेल तेव्हा पहिला पडदा पूर्ण पलीकडे पोहोचतो, खिडकी काही काळ सताड उघडी राहते आणि मग दुसरा सुटतो. वेग जास्त असेल तर पहिला अर्ध्या वाटेवर असतानाच दुसरा निघतो आणि दोघांमधली अरुंद फट खिडकीवरून झपकन जाते. ३५ मिमी फिल्मची चौकट ३६ मिमी रुंद. ती ओलांडायला पडद्याला १५ मिलिसेकंद लागत असतील, तर १/१००० सेकंदासाठी फट जेमतेम अडीच मिलिमीटरची ठेवावी लागते. म्हणजे कॅमेऱ्यावर १/१००० लिहिले असले तरी पडदा त्या वेळात चौकट पार करत नाही, त्याच्या कितीतरी पट वेळ घेतो. झाक आंरी लार्तीग या फ्रेंच छायाचित्रकाराच्या शर्यतीच्या मोटारीच्या प्रसिद्ध छायाचित्रात चाके लंबगोल होऊन पुढे कललेली दिसतात, ती या फटीचीच करामत. फट चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाईतो मोटार पुढे गेलेली होती.

ही फट रुंदीला अचूक राहायची, तर पडदा हलका हवा, झटक्यात पळणारा आणि तितक्याच झटक्यात थांबणारा हवा, प्रकाश न झिरपू देणारा हवा, आणि हजारो वेळा रुळावर गुंडाळून उलगडला तरी तडकता कामा नये. या अटींपैकी कोणती सांभाळायची आणि कोणत्या अटीशी तडजोड करायची, यावर पडद्याचा माल ठरत गेला.

सुरुवात कापडाने झाली. जर्मनीतल्या वेट्झलार येथील लाइट्‌झ कारखान्यात ऑस्कर बारनाक याने बनवलेला लायका १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत लोकांसमोर आला. त्याचा पडदा तलम कापडावर रबराचा थर चढवलेला होता आणि वरचा वेग १/५०० सेकंद. आधीच्या नमुन्यात मोठी उणीव होती. शटर पुन्हा ताणताना दोन पडद्यांमधली फट बंद होत नसे, त्यामुळे दर वेळी लेन्सवर टोपी घालावी लागे. बाजारात आलेल्या कॅमेऱ्यात पडदे ताणतानाच एकमेकांवर येऊ लागले आणि ती कटकट गेली. कापडाचा आवाज दबका असतो, वजन नगण्य असते आणि चुकून बोट लागले तर ते बिघडत नाही. म्हणूनच १९७६ पासून १९९७ पर्यंत निघालेल्या पेंटॅक्स के-१००० मध्येही कापडच टिकले, आणि लायकाच्या फिल्मवर चालणाऱ्या एम कॅमेऱ्यांत ते आजही आहे.

कापडाचा पहिला शत्रू सूर्य. लहान मुले भिंगाने ऊन गोळा करून कागद जाळतात, तेच लेन्स कॅमेऱ्याच्या आत करते. आरशाच्या एसएलआर कॅमेऱ्यात आरसा ऊन वर वळवतो, त्यामुळे पडदा बराचसा वाचतो. आरसा नसलेल्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात मात्र लेन्स आणि पडद्यामध्ये अडसरच नसतो. अंतर अनंतावर ठेवून, टोपी न लावता, गळ्यात अडकवलेला कॅमेरा उन्हाकडे तोंड करून राहिला, तर काही क्षणांत कापडाला टाचणीच्या टोकाएवढे भोक पडते. त्याचा पत्ता रोल धुतल्यावर लागतो. छायाचित्रात ठरावीक जागी पांढरे ठिपके उमटतात, आणि उन्हात फिरलेला कॅमेरा असेल तर ते अधिक ठळक.

दुसरा शत्रू वय. रबर वाळते, कडक होते, वळीपाशी तडे जातात, कधी थर चिकट होऊन पडदा रुळालाच बिलगतो. ग्रीस घट्ट झाले की पहिला पडदा रेंगाळतो आणि दुसरा त्याला वाटेत गाठतो. मग फट बंद होते आणि १/१००० वर चौकटीची एक बाजू काळी येते. अशा वेळी स्प्रिंग आणखी आवळून वेग साधण्याचा मोह होतो. हा उपाय दोन-तीन रोल चालतो. वाळलेल्या पडद्याला मात्र त्याने जास्तच ताण बसतो आणि दुखणे वाढते. खरा उपाय म्हणजे यंत्र उघडून साफ करणे, आणि कापड गेलेच असेल तर नवे रबरी कापड मापाने कापून जुन्याच्या जागी चिकटवणे. एखादे बारीक भोक असेल तर काही कारागीर काळ्या लवचीक रंगाचा ठिपका देऊन निभावतात. ठिपका जाड झाला की पडदा गुंडाळताना अडतो, म्हणून हात हलका लागतो.

लायकाचा प्रतिस्पर्धी, झाइस आयकॉनचा कॅमेरा कॉन्टॅक्स, १९३२ मध्ये आला आणि त्याने कापडाला सरळ नकार दिला. त्याचा पडदा पितळी पट्ट्यांचा, दुकानाच्या रोलिंग शटरसारखा, आणि उभा पळणारा. वरचा वेग १/१००० आणि १९३६ च्या कॉन्टॅक्स-२ मध्ये १/१२५०. पितळ जळत नाही. पण पट्ट्या खेचायला रेशमी फिती होत्या आणि कॉन्टॅक्स नेमका तिथेच खचतो. फीत विरली की सगळा पडदा अडकतो. दुसऱ्या महायुद्धानंतर या कॅमेऱ्याची यंत्रसामग्री सोव्हिएत संघात गेली आणि तिच्यावर कीव्ह नावाचे कॅमेरे निघाले. स्वस्तात मिळणाऱ्या कीव्हमध्येही फितीचे दुखणे तेच, म्हणून घेताना फितीचा विचार पितळाआधी करावा.

जपानी कारखान्यांनी धातूचा पातळ पत्रा आजमावला. कॅननने १९५० च्या दशकाच्या अखेरीस रेंजफाइंडर कॅमेऱ्यांत स्टेनलेस स्टीलचे पडदे घातले. कॅनन-पी आणि कॅनन-७ मध्ये ते दिसतात. ऊन आता काही करू शकत नव्हते, पण रोल भरताना अंगठा लागला की पडद्यावर सुरकुती पडते आणि ती कायमची राहते. आज मिळणाऱ्या या कॅमेऱ्यांपैकी फार थोड्यांचे पडदे गुळगुळीत असतात. सुरकुती बघून घाबरणारे बरेच असतात, प्रत्यक्षात हलकी सुरकुती असलेला पडदा सहसा नीट पळतो. भाव पाडून मागायला ती उपयोगी पडते, एवढेच. निकॉनने १९५९ च्या निकॉन-एफसाठी टायटॅनियम निवडले. हा धातू स्टीलपेक्षा बराच हलका असूनही ताणाला चिवट असतो, आणि गंज त्याच्या वाटेला जात नाही. केसापेक्षा पातळ असा त्याचा पत्रा गुंडाळीवर न तडकता पळतो. धातूचा पडदा असलेला जुना कॅमेरा एकच घ्यायचा असेल, तर तो निकॉन-एफ.

पत्र्याची हौस सगळ्यांनाच लाभली नाही. स्वीडनच्या हासेलब्लाडने १९४८ च्या १६००एफ मध्ये मोठ्या चौकोनी चौकटीसाठी पन्हाळी पत्र्यासारखा नालीदार स्टीलचा पडदा वापरला आणि वेग ठेवला १/१६००. पडदा फार नाजूक निघाला. १९५२ च्या मॉडेलमध्ये वेग १/१००० वर आणला गेला आणि १९५७ च्या ५००सी मध्ये पडदाच रद्द करून शटर लेन्समध्ये गेले. मूळ कल्पनेवर बेतलेल्या सोव्हिएत साल्यूत आणि कीव्ह-८८ मध्ये मात्र पत्रा चालू राहिला. गंमत अशी, की पुढे कीव्ह-८८सीएममध्ये पत्रा काढून पुन्हा कापड आणले गेले.

गुंडाळीचे जंजाळ मिटवले ते कठीण पात्यांनी. १९६० च्या कोनिका-एफ मध्ये आणि पाठोपाठ कोपाल स्क्वेअर या शटरमध्ये धातूची पाती एकावर एक सरकत वरून खाली पळू लागली. वाट ३६ ऐवजी २४ मिमीची झाल्यामुळे वेळ वाचला आणि त्याचा पहिला फायदा फ्लॅशला झाला. फ्लॅशचा झोत पडताना खिडकी पूर्ण उघडी असावी लागते. निकॉन-एफला त्यासाठी १/६० पर्यंत थांबावे लागे, तर कोपालचे शटर असलेला १९६५ चा निकोरमॅट १/१२५ वर फ्लॅश चालवू लागला. १९८२ च्या निकॉन एफएम-२ मध्ये टायटॅनियमच्या पात्यांवर मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी कोरून वजन घटवले आणि वरचा वेग १/४००० वर पोहोचला. नंतरच्या एफएम-२ मध्ये ॲल्युमिनियमची सपाट पाती आली. आज नक्षीच्या पात्यांना जमवणाऱ्यांकडून जास्त मागणी असते, फोटो मात्र दोन्हींचे सारखेच येतात. पात्यांवर तेलाचा ओघळ दिसला तर कॅमेरा ठेवून द्यावा. तेलाने पाती एकमेकांना चिकटतात आणि वेग मंदावतो.

मुंबईच्या चोरबाजारात किंवा कुणाच्या माळ्यावर कॅमेरा सापडला, तर पारख पाच मिनिटांत होते. लेन्स काढावी, मागचे झाकण उघडावे, अंधाऱ्या खोलीत पुढून टॉर्च धरावा आणि मागून पाहावे. चांदणी दिसली की भोक. एसएलआर असेल तर आरसा कडेने हलकेच उचलून धरावा. ही तपासणी दोनदा करावी. शटर ताणलेले असताना पहिला पडदा खिडकीवर असतो, सुटल्यावर दुसरा, आणि एकदाच पाहिले तर निम्मी भोके सुटतात. मग झाकण उघडे ठेवूनच उजेडाकडे रोखून १/१००० वर दहाएक वेळा बटण दाबावे. उजेडाची पट्टी चौकटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी दिसायला हवी. झोर्की-४ सारख्या सोव्हिएत कॅमेऱ्यात वेग बदलण्याआधी शटर ताणून घ्यावे. आधी चकती फिरवली तर आतली यंत्रणा मोडू शकते, आणि विकणाऱ्याला हे ठाऊक असेलच असे नाही. लायका म्हणून दाखवला जाणारा कॅमेरा नाव कोरून बदललेला फेड किंवा झोर्की असण्याचा संभव असतो. दोघांचाही पडदा कापडीच, त्यामुळे पडदा इथे मदत करत नाही. लेन्स काढून वरच्या बाजूचा रेंजफाइंडरचा दांडा पाहावा. लायकात त्याच्या टोकाला गोल चाक असते, सोव्हिएत कॅमेऱ्यात चपटा पाचरीसारखा तुकडा.

ठेवताना कापडी पडद्याचे शटर ताणून ठेवू नये, स्प्रिंग ढिली राहू द्यावी. चामड्याच्या खोक्यात कोकणातला पावसाळा काढला तर लेन्सवर बुरशी धरते, म्हणून हवाबंद डबा आणि सिलिका जेलची पुडी बरी. महिन्यातून एकदा सगळ्या वेगांवर, अगदी १ सेकंदापासून, आठ-दहा वेळा शटर उडवले की ग्रीस गोठत नाही.