क्रिस्टी मिलर: नव्या जागी रुजताना

ख्रिस्ती किशोरकथा म्हणजे गोष्टीत गुंडाळलेलं प्रवचन, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. रॉबिन जोन्स गन यांच्या ‘क्रिस्टी मिलर’ मालिकेतल्या ‘समर प्रॉमिस’ या कादंबरीला (१९८८) तो पुरता लागू पडत नाही. विस्कॉन्सिनच्या शेतावर वाढलेली १४ वर्षांची क्रिस्टी मिलर सुट्टीत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर मावशीकडे येते. मावशी तिचे कपडे, केस बदलते. समुद्रावरच्या मुलामुलींच्या अपेक्षा आणखी वेगळ्या. सामावून घेण्याची किंमत प्रत्येक जण मागतो, आणि कुठली नाकारायची हे ठरवायचं बळ तिला श्रद्धेतून मिळतं. शेवटी ती येशूला स्वीकारते, हे अपेक्षितच. पण तेवढ्याने प्रश्न सुटत नाहीत, आणि मला हाच या मालिकेचा प्रामाणिकपणा वाटतो: पुढे कुटुंब कॅलिफोर्नियातच राहायला येतं, तेव्हा मैत्री जोडण्याची धडपड तिला पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.