ग्रुपवर मेसेज शंभर, आपल्यासाठी किती?

मोबाइलमुळे माणसे एकटी पडतात की जोडली जातात, हा वाद स्मार्टफोनपेक्षा जुना आहे. १९९८ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या रॉबर्ट क्राउट यांनी सहकाऱ्यांसह पिट्सबर्गमधल्या ७३ घरांतल्या १६९ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या घरांत इंटरनेट नव्यानेच आले होते. ज्यांनी ते जास्त वापरले, त्यांचे घरच्यांशी बोलणे कमी झाले, गोतावळा आक्रसला, एकटेपणा थोडा वाढला. या निष्कर्षाचा खूप गाजावाजा झाला. पण २००२ मध्ये त्याच संशोधकांनी पाठपुरावा प्रसिद्ध केला, त्यात त्यांना बहुतेक दुष्परिणाम ओसरलेले आढळले. नव्या नमुन्यात तर माणसांत रमणाऱ्यांना इंटरनेटचा फायदा झालेला दिसला आणि मुळात एकलकोंड्या असलेल्यांना तोटा. म्हणजे साधन एकच असूनही परिणाम उलटे आले. माझ्या मते 'किती वेळ' हा प्रश्न तिथेच अपुरा ठरला.

क्राउट यांनीच पुढे, २०१६ मध्ये, मोइरा बर्क यांच्यासोबत फेसबुक वापरणाऱ्या सुमारे १९०० जणांची काही महिन्यांची पाहणी प्रसिद्ध केली. जवळच्या माणसाने खास आपल्यासाठी शब्द जुळवून लिहिले, तर मन:स्वास्थ्य सुधारण्याशी त्याचा संबंध दिसला. नुसते लाइक किंवा सर्वांसाठी टाकलेला मजकूर वाचणे यांचा तसा संबंध दिसला नाही. बर्क फेसबुकमध्येच नोकरीला होत्या, हे विसरून चालणार नाही. पण लाइकने काही साधत नाही, हा निष्कर्ष कंपनीला सोयीचा नव्हता. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपला हीच कसोटी लावली, तर रोजचे 'शुभ सकाळ'चे फॉरवर्ड एका बाजूला पडतात आणि 'आईचा ताप उतरला का?' ही एक ओळ दुसऱ्या बाजूला.

यावर एक आक्षेप रास्त आहे: ज्यांना माणसे आहेत त्यांनाच असे मेसेज येतात, मग सुख मेसेजचे की माणसांचे? काही महिन्यांच्या पाहणीने ही शंका कमी होते, पुरती मिटत नाही. दुसरा आक्षेप असा की सगळे बंदच का करू नये? २०१८ मध्ये अमेरिकेत हा प्रयोग झाला. चार आठवडे फेसबुक बंद ठेवणाऱ्यांचे समाधान वाढले, पण थोडेच; शिवाय त्यांचा घरच्यांबरोबरचा आणि मित्रांबरोबरचा वेळही वाढला. माझ्या मुद्द्याला यातून बळच मिळते. म्हणून मुलाच्या फोनचे तास मोजणाऱ्या पालकांना विनंती आहे, त्याची विचारपूस करणारा मेसेज शेवटचा कधी आला आणि कोणाचा, हेही त्याला विचारा.