जगदंबा तलवार : भेट, संमती आणि मालकी

इजिप्तमधील अमार्ना येथे १९१२ मध्ये जर्मन उत्खननात राणी नेफरतितीचा अर्धपुतळा सापडला आणि १९१३ च्या वाटणीत तो जर्मनीकडे गेला. वाटणीच्या वेळी त्याचे खरे महत्त्व लपविले गेले, असा इजिप्तचा आक्षेप आहे. वाटणी कायदेशीर होती, असे जर्मनीचे म्हणणे आहे. अर्थात, वादाचे मूळ संमतीच्या स्वरूपात आहे. हाच निकष शिवछत्रपतींची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोल्हापूरच्या जगदंबा तलवारीस लावून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१८७५-७६ मध्ये इंग्लंडचे युवराज एडवर्ड हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले असता करवीरचे छत्रपती चौथे शिवाजी यांच्याकडून ही तलवार त्यांना भेट देण्यात आली. ती आज ब्रिटिश राजसंग्रहात आहे. स्वेच्छेने दिलेल्या भेटीवर दात्याचा हक्क उरत नाही, हे सर्वमान्य तत्त्व होय. शिवाय अशा दौऱ्यांत युवराजांकडूनही प्रतिभेटी दिल्या जात. तथापि, १८७१ मध्ये दत्तक आलेले छत्रपती त्या वेळी सुमारे १२ वर्षांचे होते आणि संस्थानचा कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली चालत होता. अशा स्थितीत नकार देणे शक्य होते काय, हा खरा प्रश्न आहे.

सांस्कृतिक संपत्तीविषयीचा १९७० चा युनेस्को करार पूर्वलक्षी नसल्याने येथे उपयोगी पडत नाही. राजसंग्रहही राजाची खासगी मालमत्ता नसून वारसदार व राष्ट्र यांच्यासाठीचा न्यास मानला जातो. २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे महाराष्ट्रात आली, तीही ३ वर्षांच्या कराराने, उसनवारीवर. अफझलखानवधाच्या वेळी वापरलेली हीच ती वाघनखे, याची खात्री देता येत नाही, असे त्या संग्रहालयानेच स्पष्ट केले होते.

यावरून बोध असा की, मागणीस भावनेइतकेच पुराव्याचे बळ हवे. बॅ. अ. र. अंतुले यांनी मुख्यमंत्री असताना 'भवानी' परत आणण्याचा विषय गाजविला. परंतु भवानी व जगदंबा या नावांचा घोळ अद्याप कायम आहे. भेटीमागील संमतीचा उलगडा तत्कालीन मोडी व इंग्रजी दप्तरांतूनच होऊ शकेल. कोल्हापूर पुराभिलेखागार आपल्या महाविद्यालयांच्या हाकेच्या अंतरावर आहे. इतिहासाच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना त्या दिशेने वळविल्यास मालकीच्या वादाला भक्कम अधिष्ठान लाभेल.