इष्टापत्ती, चिनी वचने आणि नाशिकचा कांदा

'इष्टापत्ती' हा मराठीतील अर्थपूर्ण शब्द आहे. संकट म्हणून जे आले त्यातूनच हित साधले, हा त्याचा आशय. मात्र घटनेचा शेवट गोड झाल्यावरच तो उच्चारला जातो. प्राचीन चिनी वचनांतील भाग्य-दुर्भाग्याचा विचार असा शेवटाशी विसावत नाही.

इ. स. पू. १३९ मध्ये ल्यू आन याने हान सम्राट वू यास सादर केलेल्या 'ह्वाय-नान-त्झू' या ग्रंथात सीमेवरील वृद्धाची कथा येते. त्याचा घोडा पळतो. काही महिन्यांनी तो उत्तम घोडे घेऊन परततो. घोड्यावरून पडून मुलाचा पाय मोडतो. पुढे युद्धात गावचे बहुतेक तरुण कामी येतात, पण लंगडा मुलगा वाचतो. शेजारी कधी सांत्वनास, कधी अभिनंदनास येतात. वृद्ध मात्र दरवेळी त्यांचा निवाडा अपुरा ठरवतो.

नाशिक जिल्ह्यातील कांदा-उत्पादकास ही कथा परकी वाटू नये. उन्हाळ कांदा चाळीत साठवून तो भावाची वाट पाहतो. परतीच्या पावसाने खरिपाचे पीक नासले, की शेजाऱ्याच्या नुकसानीतून चाळीतील मालास भाव येतो. भाव चढताच शहरांत ओरड होते, निर्यातीवर बंधने येतात आणि लासलगावचे लिलाव कोसळतात. सप्टेंबर २०१९ आणि सप्टेंबर २०२० मध्ये निर्यातबंदी झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागू झाले आणि त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा बंदी आली.

येथे एक भेद दृष्टीआड होतो. 'दैवाचे फेरे' म्हणून शेतकऱ्याची समजूत घालण्यासाठी अशी वचने सर्रास वापरली जातात. परंतु पाऊस दैवाधीन असला तरी अधिसूचना दैवाधीन नसते. सुख-दुःख एकमेकांच्या आश्रयाने राहतात, हा विचार 'ताओ ते चिंग'च्या ५८ व्या प्रकरणात आहे, आणि त्या प्रकरणाचा आरंभ राज्यकारभारापासून होतो. कारभार सैल व संयमी असेल तर प्रजा सरळ राहते, बारीक पाळत ठेवणारा असेल तर ती खुरटते, असे तेथे प्रतिपादन आहे. अर्थात हे वचन दुःखितापेक्षा शासकास उद्देशून अधिक आहे. 'भले' म्हणून योजलेला उपाय कोणत्या क्षणी 'बुरा' होतो, याचे भान त्याने ठेवावयाचे आहे. ग्राहकाच्या हितासाठी योजलेली २०२३ ची बंदी ४ मे २०२४ रोजी उठली. शुल्क मात्र कमी होत होत १ एप्रिल २०२५ रोजी संपले. तोवर उन्हाळ कांद्याचा आणखी एक हंगाम चाळीतून बाजारात जाऊन आला होता.