न दिसणारी गळती आणि दुष्काळी पट्ट्याचा पाऊस

विशेष प्रतिनिधी

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने पाण्याच्या बाबतीत एक शिस्त स्वतःला लावून घेतली आहे. पावसाळा संपला की पडलेल्या पावसाच्या नोंदींवरून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पिण्यासाठी किती, जनावरांसाठी किती आणि शेतीसाठी किती, हे ठरल्यानंतरच रब्बीची पिके निश्चित होतात. वर्षाकाठी सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या गावाचे सारे अर्थकारण याच हिशेबावर उभे आहे.

मात्र हा हिशेब ज्या पावसाच्या भरवशावर मांडला जातो, त्या पावसाचेच स्वरूप बदलू लागले आहे. त्यामागे जागतिक तापमानवाढ आहे आणि माणसाच्या व्यवहारांमुळे होणाऱ्या या तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडच्या खालोखाल वाटा मिथेनचा आहे. गुरांचे गोठे, भातखाचरे आणि कचऱ्याचे डोंगर यांतून मिथेन हवेत जातो, हे अनेकांनी वाचलेले असते. नैसर्गिक वायूच्या विहिरी, झडपा आणि वाहिन्यांतून होणाऱ्या गळतीची चर्चा मात्र फारशी होत नाही. वस्तुतः हीच गळती सर्वांत लवकर आणि तुलनेने कमी खर्चात थांबविता येण्याजोगी आहे.

अल्पायुषी, पण जहाल

नैसर्गिक वायूचा मुख्य घटक मिथेन हाच असतो. शहरांत नळाने येणारा स्वयंपाकाचा गॅस आणि वाहनांत भरला जाणारा सीएनजी म्हणजे प्रामुख्याने मिथेनच. सिलिंडरमधील गॅस वेगळा. त्यात प्रोपेन व ब्युटेन असतात. मिथेनला रंग नसतो आणि वासही नसतो. घरगुती वायूला येणारा उग्र दर्प हा गळती ओळखता यावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा असतो. विहिरीपाशी आणि समुद्रातील फलाटावर तो दर्प नसतो. त्यामुळे तेथील बारीक गळती उपकरणांवाचून कळतच नाही.

कार्बन डायऑक्साइड एकदा हवेत गेला की त्याचा मोठा भाग शतकानुशतके टिकून राहतो. मिथेनचे आयुष्य सुमारे बारा वर्षांचे. पण तेवढ्या काळात तो कितीतरी अधिक उष्णता अडवून धरतो. आंतरराष्ट्रीय हवामान बदल समितीच्या (आयपीसीसी) २०२१ च्या अहवालानुसार, खनिज इंधनातून सुटलेला एक किलो मिथेन वीस वर्षांच्या कालावधीत सुमारे ८२ किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम करतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर ही तुलना सुमारे ३० पटींवर येते.

एक साधे गणित पाहू. एक किलो मिथेन चुलीत जाळला तर त्यापासून पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तोच एक किलो न जळता हवेत गेला, तर वीस वर्षांच्या हिशेबाने त्याचे नुकसान जाळण्याच्या तुलनेत सुमारे तीसपट ठरते.

याच अहवालाप्रमाणे औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या काळापासून झालेल्या तापमानवाढीत मिथेनचा हिस्सा सुमारे अर्धा अंश सेल्सिअस आहे. दिलासा असा की, मिथेन अल्पायुषी असल्याने त्याचे उत्सर्जन घटविल्यास परिणाम एक-दोन दशकांतच दिसू लागतो. आज शेती करणाऱ्या पिढीच्या हयातीत तापमानवाढीचा वेग कमी करू शकणारा असा दुसरा उपाय क्वचितच आढळेल.

मुंबई हायपासून उरणपर्यंत

महाराष्ट्राचा या विषयाशी थेट संबंध आहे. १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या जहाजाने मुंबईच्या पश्चिमेस भर समुद्रात खोदकाम केले आणि मुंबई हायचा तेलसाठा हाती लागला. १९७६ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले. तेलाबरोबर वर येणारा वायू आणि वसई क्षेत्रातील वायू समुद्राखालच्या वाहिन्यांनी उरण व हजिरा येथे आणला जातो.

या साखळीत मिथेन निसटण्याच्या जागा अनेक आहेत. विहिरीचे तोंड, वाहिन्यांचे सांधे, झिजलेल्या झडपा, वायू दाबाने पुढे ढकलणारे कॉम्प्रेसर आणि तेलाच्या टाक्यांची झाकणे या त्यांतील प्रमुख. शिवाय जो वायू साठविता वा वाहून नेता येत नाही, तो उंच चिमणीच्या टोकाशी जाळला जातो. ही ज्योत नीट पेटलेली असेल तर बहुतांश मिथेनचा कार्बन डायऑक्साइड होतो. पण ती विझली किंवा अर्धवट जळली तर मिथेन तसाच निसटतो. म्हणूनच भडकलेली ज्योत डोळ्यांना खुपली तरी विझलेली ज्योत अधिक घातक असते.

उरणच्या प्रकल्पात ज्योतीकडे जाणारा वायू परत वळवून वापरण्याची योजना क्योटो कराराखालील स्वच्छ विकास यंत्रणेत नोंदविली गेली होती. मिथेनची गळती शोधून ती बंद करण्यासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने चालविलेल्या कार्यक्रमात तेल व नैसर्गिक वायू महामंडळ २००७ मध्ये सहभागी झाले. वाया जाणारा वायू पकडणे तंत्रदृष्ट्या अवघड नाही आणि पकडलेला वायू विकताही येतो, हे यावरून स्पष्ट होते.

गळतीला सुरक्षेचीही बाजू आहे. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हायच्या उत्तर क्षेत्रात एक जहाज फलाटावर आदळले, वायूची वाहिनी फुटली आणि लागलेल्या आगीत २२ जणांचा बळी गेला.

कोळशापेक्षा खरोखर स्वच्छ?

नैसर्गिक वायूला 'स्वच्छ इंधन' म्हटले जाते. वीज तयार करताना तो कोळशाच्या जवळपास निम्माच कार्बन डायऑक्साइड सोडतो, हे खरेच आहे. पण विहिरीपासून वीज केंद्रापर्यंतच्या प्रवासात साधारण तीन टक्क्यांहून अधिक वायू गळाला, तर नजीकच्या काळापुरता हा फायदा नाहीसा होतो, असे संशोधकांचे गणित सांगते.

प्रत्यक्षात गळती किती? 'सायन्स' या नियतकालिकात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतील तेल-वायू उद्योगाची गळती उत्पादनाच्या सुमारे २.३ टक्के आढळली. तेथील सरकारी अंदाजापेक्षा ती सुमारे ६० टक्क्यांनी जास्त होती. कागदावरचा अंदाज आणि प्रत्यक्ष मोजणी यांत इतके अंतर पडू शकते. कॅलिफोर्नियातील अलिसो कॅन्यन येथे ऑक्टोबर २०१५ ते फेब्रुवारी २०१६ या काळात भूमिगत साठ्याच्या एकाच विहिरीतून सुमारे ९७ हजार टन मिथेन हवेत गेला.

भारताला लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी जवळपास निम्मा द्रवरूपात आयात होतो. तेव्हा आपल्या चुलीत जळणाऱ्या वायूच्या खात्यावर परदेशातील विहिरींची गळतीही जमा होते. युरोपीय संघाने २०२४ मध्ये केलेल्या कायद्यान्वये आयात होणाऱ्या वायूच्या उत्पादकांनाही टप्प्याटप्प्याने उत्सर्जनाचे मोजमाप द्यावे लागणार आहे.

गोठा आणि विहीर यांतील फरक

नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथील परिषदेत २०३० पर्यंत जगातील मिथेन उत्सर्जन २०२० च्या तुलनेत ३० टक्क्यांनी घटविण्याचा संकल्प अनेक देशांनी केला. भारत त्यात सामील झाला नाही. भारताच्या मिथेनपैकी सुमारे तीन चतुर्थांश शेती व पशुपालनातून येतो आणि तो लहान शेतकऱ्यांच्या पोटाशी निगडित आहे, हे त्यामागचे कारण.

या युक्तिवादात तथ्य आहे. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाल्यानंतर हिवरे बाजारमध्ये पाणलोटाची कामे उभी राहिली, चराईबंदीमुळे डोंगरावर गवत वाढले आणि गावाचे दूध संकलन रोजच्या दीडशे लिटरांवरून काही हजार लिटरांवर गेले. दुष्काळी गावाला सावरणाऱ्या या दुभत्या जनावरांना वायूउद्योगाच्या गळक्या झडपांच्या पंक्तीस बसविणे न्याय्य ठरणार नाही. गाईच्या पोटातील मिथेनला झडप बसविता येत नाही; वाहिनीच्या सांध्याला ती बसविता येते, बदलता येते. शेण गोबरगॅस संयंत्रात घालून तेथील मिथेन चुलीत जाळणे हा शेतकऱ्याच्या हातातील उपाय आहे. अर्थात संयंत्राची टाकी वा नळी गळकी असेल तर तेथेही तेच नुकसान होते.

पण शेतकऱ्याचे कारण तेल-वायू उद्योगाला लागू होत नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार, खनिज इंधन क्षेत्रातील सुमारे ७० टक्के मिथेन उत्सर्जन आज उपलब्ध असलेल्या तंत्रज्ञानाने टाळता येईल.

आधी मोजणी

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, तर मोसमी पावसाचे एकूण प्रमाण घटले. समतल चर आणि बंधारे संथ पाऊस जिरवितात. चार तासांत कोसळलेला पाऊस चर भरून वाहून जातो आणि मागे कोरडा खंड ठेवतो. वार्षिक आकडा तोच असला तरी भूजलाचा ताळेबंद मग जुळत नाही. म्हणजेच गावाने आपल्या हद्दीत सर्व काही नेटके केले, तरी हद्दीबाहेरची गळती त्याच्या हिशेबात शिरते.

ही गळती मोजण्याची साधने आता हाताशी आहेत. अवरक्त कॅमेऱ्यांतून मिथेनचा लोट दिसतो. २०१७ मध्ये सोडलेल्या युरोपच्या सेंटिनेल-५पी उपग्रहावरील उपकरण मोठी गळती अवकाशातून टिपते. केवळ मिथेनसाठी मार्च २०२४ मध्ये पाठविलेल्या मिथेनसॅट उपग्रहाशी जून २०२५ मध्ये संपर्क तुटला. तरीही उपग्रह, विमान आणि जमिनीवरील पथके यांच्या मेळातून प्रत्यक्ष आकडे मिळू शकतात. तेव्हा उत्पादक कंपन्यांनी ठोकताळ्यांऐवजी मोजलेले आकडे दरवर्षी जाहीर करावेत, गळती शोधण्याची फेरी ठराविक मुदतीत व्हावी आणि विझलेल्या ज्योतीची नोंद सक्तीची असावी, या मागण्या अवाजवी म्हणता येणार नाहीत. हजारएक वस्तीचे गाव आपल्या पाण्याचा जमाखर्च ग्रामसभेपुढे उघडपणे मांडत असेल, तर हजारो कोटींची उलाढाल करणाऱ्या उद्योगाला आपल्या वायूचा जमाखर्च मांडणे जड जाऊ नये.