किनारपट्टीवरील जुन्या मोटारसायकलची टाकी : रंगापूर्वीची तयारी

जुन्या मोटारसायकलच्या पेट्रोल-टाकीस घरी नवा रंग द्यावयाचा म्हटले की प्रथम विचार होतो तो छटेचा. वस्तुतः रंगाचे आयुष्य ठरते ते त्याच्याखालील पत्र्यावर काय उरले आहे यावरून. आणि डहाणू तालुक्यातील आगरसारख्या समुद्राजवळच्या गावी तेथे प्रायः उरते ते मीठ. (मिठागर आणि नारळी-पोफळीची बाग असे दोन्ही अर्थ 'आगर' या शब्दास आहेत, हा योगायोग प्रस्तुत विषयास चांगलाच शोभतो.) प्रस्तुत लेखात या मिठाचा विचार मुख्य असून रंगकामाचा तपशील त्या अनुरोधाने दिला आहे.

रंगाचा थर लोखंडाला हवा-पाण्यापासून पूर्णपणे तोडतो, अशी सार्वत्रिक समजूत आहे. ती बरोबर नाही. इंग्लंडमध्ये यू. आर. इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात पोलादी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवून गंजाचे विद्युत्-रासायनिक स्वरूप दाखविले. थेंबाच्या कडेला प्राणवायू विपुल मिळतो, मध्यभागी तो कमी पडतो. लोह विरघळते ते मध्यभागी, आणि मीठ त्या दोन भागांमधील विद्युत्-प्रवाहाची वाट सुकर करते. पुढे १९५० च्या सुमारास जे. ई. ओ. मेन यांनी असे दाखविले की, सामान्य रंगाच्या पापुद्र्यातून गंजास पुरेल इतके पाणी आणि प्राणवायू आत जातच असतात. रंग रक्षण करतो ते मुख्यतः विद्युत्-भारित कणांची ये-जा अडवून. तेव्हा हे कण जर आधीच रंगाखाली कोंडलेले असतील, तर वरचा थर कितीही सुबक असो, त्याचा उपयोग काय? उलट ते मीठ रंगातून पाणी आत ओढून घेते आणि काही महिन्यांत टाकीवर बारीक फोड दिसू लागतात.

समुद्राच्या मिठाचा आणखी एक गुण लक्षात घेण्याजोगा आहे. शुद्ध सोडियम क्लोराइड हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेल्याशिवाय पाझरत नाही. पण सागरी मिठातील मॅग्नेशियम क्लोराइड सुमारे ३३ टक्क्यांवरच ओलावा धरते. म्हणून किनाऱ्यावर हिवाळ्यातील कोरड्या वाटणाऱ्या दुपारीही पत्रा पूर्णपणे कोरडा असेलच असे नाही. लाटांच्या तुषारांतून हवेत येणाऱ्या मिठाचे प्रमाण किनाऱ्यापासून दूर जाताना झपाट्याने घटते. यास्तव तलासरीच्या बाजूस जी पद्धत निभावून जाते ती आगरला निभावेलच, असे गृहीत धरू नये.

टाकीच्या आतील स्थिती निराळी असते. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून तयार झालेल्या गाड्या द्विघाती इंजिनाच्या. त्यांच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागे. गाडी वापरात असेपर्यंत त्या तेलाचा पातळ लेप आतील पत्र्यास सांभाळतो. गाडी वर्षानुवर्षे पडवीत उभी राहिली की अर्धवट रिकाम्या टाकीत दवाचे पाणी तळाशी साचते आणि नेमक्या सांध्यावर गंज चढतो. त्यातच २०२५ पर्यंत आपल्याकडील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत आले आहे. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि झाकणाभोवती सांडल्यास जुना तेलरंग मऊ करते.

कामास आरंभ करताना धोक्याची जाणीव असावी. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक घातक असते. कारण हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण सुमारे दीड ते साडेसात टक्के असले की ती स्फोटक होते, आणि ही वाफ हवेहून जड असल्याने टाकीत रेंगाळते. घरी झाळकाम मुळीच करू नये. टाकी सोडवून, तोटी व झाकण काढून, साबणाच्या पाण्याने अनेकदा धुवावी. नंतर थोडे पाणी व मूठभर लोखंडी नट घालून ती हलविली की सुटी खपली निघते. उरलेल्या गंजासाठी सायट्रिक आम्लाचे पाच ते दहा टक्क्यांचे द्रावण पुरते. घरी चिंचेने तांब्याचे भांडे उजळतात, तेथेही आम्लाचेच कार्य घडते. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारावे व टाकी तत्काळ वाळवावी. विलंब झाल्यास तासाभरात तांबूस झाक पुन्हा येते.

बाहेरील रंग खरवडण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत, पट्ट्यांची मापे नोंदवावीत आणि बैठकीखाली झाकल्या जाणाऱ्या भागात अंगठ्याएवढा मूळ रंग तसाच राखावा. त्या काळच्या लाल-पिवळ्या रंगांत शिशाची संयुगे असण्याचा संभव असल्याने कोरडे घासू नये. पाण्याबरोबर चालणारा पॉलिशपेपर वापरावा.

आणि येथेच किनारपट्टीवरील मनुष्य सहसा चुकतो. घासण्यासाठी तो जवळच्या विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी घेतो. ते मचूळ असेल तर जे मीठ काढावयाचे तेच पत्र्याच्या ओरखड्यांत पुन्हा भरले जाते. शेवटची धुलाई साठविलेल्या पावसाच्या किंवा ऊर्ध्वपातित पाण्याने करावी. धुतलेल्या पाण्याच्या अखेरच्या नमुन्यात नायट्रिक आम्लाचा थेंब टाकून सिल्व्हर नायट्रेट घालावे; पांढुरका गढूळपणा आल्यास धुलाई अपुरी समजावी. प्रयोगशाळेतील ही प्राथमिक परीक्षा पडवीतही तितकीच विश्वसनीय ठरते. खड्ड्यांतील गंजात क्लोराइड खोल अडकलेले असते, म्हणून एका धुलाईत काम भागेल अशी अपेक्षा धरू नये.

पत्रा कोरडा होताच अस्तर चढवावे. त्या वेळी पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश सेल्सिअसने अधिक आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली असावी, असा रंगकामातील सर्वमान्य दंडक आहे. अर्थात जून ते सप्टेंबर हे काम हाती घेऊ नये. लांबी भरावयाची ती अस्तरानंतर, आणि पातळ थरांत. जाड थर इंजिनाच्या कंपनाने तडकतो. जावाच्या टाकीवर आणखी एक अडचण येते. पूर्वीच्या तेलाचा अंश राहिल्यास रंग तेथून मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखी वर्तुळे उमटतात. त्यावर पुन्हा रंग फासून ती बुजत नाहीत.

अखेरच्या रंगाबाबत मात्र घरच्या घरी पूर्ण समाधानकारक मार्ग नाही, असे माझे मत आहे. हवेत वाळणारा साधा तेलरंग पेट्रोलपुढे टिकत नाही. पेट्रोलला दाद न देणाऱ्या द्विघटकी पॉलियुरेथेन रंगाच्या कठिणकारकात आयसोसायनेटे असतात. त्यांचे तुषार श्वासावाटे गेल्यास कायमचा दमा जडू शकतो, आणि कापडी मुखपट्टीने त्यांना अटकाव होत नाही. यास्तव अस्तरापर्यंतचे काम घरी करून रंग व वरचा पारदर्शक थर, बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा असलेल्या कार्यशाळेत मारून घ्यावा. सोनेरी रेघ हाताने ओढावयाची असल्यास ती पारदर्शक थराच्या आधी. रंग पूर्ण कठीण होईपर्यंत, म्हणजे निदान एक-दोन आठवडे, टाकीत पेट्रोल भरू नये. आणि भरताना झाकणाच्या ओठाभोवती कापड धरावे, कारण रंग प्रथम सुटतो तो तेथेच.